श्रीधरचा दगड

गोपाळराव जिनसीवाले यांनी नोकरीची पहिली आठ वर्षं मोजणी खात्यात काढली आणि मग स्वतः अर्ज करून दगडांच्या खोलीत बदली मागून घेतली. खात्यातले लोक हसले. मोजणी खात्यात मान होता, दौरे होते, गावोगावचा पटेल खाट टाकून द्यायचा. दगडांच्या खोलीत काय होतं? फ्रीगंजच्या मागच्या अंगाला खनिज परीक्षणाची चार खोल्यांची कचेरी, तिच्यातली ही शेवटची खोली. भिंतीला लागून खणाखणांची कपाटं आणि प्रत्येक खणात कापसावर निजवलेला एकेक दगड.

"अरे भाई, जिंदा आदमी कब्रस्तान में तबादला माँगता है क्या?" हेडक्लार्कने विचारलं.

गोपाळराव नुसते हसले. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात त्या वेळीही एक दगड होता, आणि ही बदली त्या दगडापायीच होती. हे पस्तीस सालचं. तेव्हा उज्जैनवर ग्वाल्हेर दरबारचा अंमल होता.

दगड श्रीधरचा. श्रीधर हा गोपाळरावांचा धाकटा भाऊ. एकतीस साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो खाणी शोधत फिरणाऱ्या एका मंडळीबरोबर मोजणीची साखळी ओढायच्या कामावर गेला. महिन्याभरात येतो म्हणाला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको कुसुम अठरा वर्षांची. दोन पत्रं आली, मग काहीच नाही. ती मंडळी कुठे पांगली हेही कुणाला सांगता येईना.

तेहतीस साली उज्जैनला सिंहस्थ भरला. एका सकाळी देवास गेटजवळच्या घराशी एक बैरागी आला आणि झोळीतून कापडात बांधलेलं काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं. मुठीएवढा दगड. काळपट, मधूनमधून पितळेसारखा चमकणारा.

"तेरे भाई ने भेजा है। बोला है, दादा से कहना, जहाँ का ये पत्थर है, वहीं हूँ।"

"कहाँ का है?"

"मेरे को क्या मालूम? मेरे को तो एक महात्मा ने दिया, उनको किसी और ने दिया। मैंने पहुँचा दिया।"

बैराग्याने पाणी मागितलं, ते पिऊन तो गर्दीत मिसळला. गोपाळराव त्याच्या मागे रामघाटापर्यंत धावले, पण त्या दिवशी घाटावर तसे दहा हजार बैरागी होते.

तेव्हापासून तो दगड हाच श्रीधरचा पत्ता होता, आणि तो वाचता येणारं कुणी नव्हतं. गोपाळरावांनी दगडांच्या खोलीत बदली घेतली ती यासाठी. दरबारच्या मुलुखातून जो जो नमुना येई, तो कपाटात ठेवण्याआधी ते खिडकीत नेत, खिशातला दगड काढत आणि दोन्ही शेजारी धरून बघत. चमक बघत, वजन बघत, जिभेलाही लावून बघत. वीस वर्षांत दोन हजारांवर दगड असे त्यांच्या हाताखालून गेले. सारखे दिसणारे शेकडो निघाले, आणि शेकडो निघणं म्हणजे एकही न निघणं. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, दरबार गेला, मध्य भारत राज्य झालं, दारावरची पाटी दोनदा बदलली. आतलं काम तेच राहिलं.

घरी कुसुम होती. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि दर वर्षी वटपौर्णिमेला उपास. तिला कुणी काही विचारत नसे. गोपाळराव संध्याकाळी घरी आले की ती पाण्याचा तांब्या पुढे करी आणि त्यांच्या तोंडाकडे एकदा बघे. ते नाही म्हणून मान हलवत. मग ती आत जाई. वीस वर्षं रोज हे असंच.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यानंतर कचेरीत डॉक्टर जयंत कर्णिक नावाचे तरुण साहेब आले. विलायतेत शिकून आलेले, बोलायला मोकळे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन ठिकाणचे तांब्याचे नमुने टेबलावर मांडले. एक झाबुआकडच्या डोंगरातला, एक नर्मदेपलीकडचा, एक मंदसौरच्या वरच्या बाजूचा.

"गोपाळराव, शिसं किती प्रकारचं असतं?"

"एकच, साहेब. काळं, जड, मऊ."

"चार प्रकारचं!" कर्णिकांना शिकवायची हौस होती. "रंगाने एक, गुणाने एक, फक्त वजनात केसभर फरक. आयसोटोप म्हणतात त्यांना. यातला एक भाऊ पृथ्वीच्या जन्माच्या वेळी जितका होता तितकाच आजही आहे. बाकीच्या तिघांत भर पडत जाते. जमिनीच्या खोल पोटात युरेनियम असतं, थोरियम असतं, ते हळूहळू झिजतं आणि झिजून त्याचं शिसं होतं. जिथे ते जास्त, तिथे भर जास्त. मग कधीतरी त्या खोलातून गरम पाणी वर चढतं, धातू विरघळवून आणतं आणि खडकाच्या फटीत थिजतं. थिजलं की भर थांबली. त्या घडीला चौघांचं जे प्रमाण, ते कायमचं. कोट्यवधी वर्षांनी कुणी मोजलं तरी दगड सांगणार, मी कुठल्या मुळातून निघालो आणि केव्हा निघालो."

"पण हे तर तांब्याचे दगड."

"तांब्याच्या दगडातही शिसं असतंच. मणात गुंजभर. तेवढं पुरतं. म्हणून तर जपायचं. बाहेरचं शिसं कणभर आत गेलं, तर दगड खोटं बोलायला लागेल."

गोपाळरावांनी तिन्ही नमुने एकेक करून हातात घेतले. मग विचारलं, "एका खाणीचं प्रमाण दुसरीपेक्षा वेगळं असतं, साहेब?"

"बहुधा असतं."

"म्हणजे एखादा बेवारशी दगड असेल, कुठला आहे ते माहीत नसेल, तर..."

"तर ज्या खाणीशी जुळेल, तिथला. पण जुळवायला त्या खाणीचे आकडे हवेत. आपल्याकडे अजून कुणीच मोजलेलं नाही. हे तीन पहिले."

गोपाळरावांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो दगड कचेरीत दुसऱ्या माणसाच्या हातात दिला, आणि बैराग्याचा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

कर्णिक दगड उलटासुलटा करत राहिले. तोही तांब्याचाच होता. दगडांची भुकटी मोजून देणाऱ्या परदेशातल्या प्रयोगशाळेने त्यांना चारच बाटल्यांची परवानगी दिली होती. चौथ्या बाटलीत नुसती पांढरी गारगोटी कुटून पाठवायची होती. गारगोटीत शिसं जवळजवळ नसतंच. तेव्हा तिच्यात ते सापडलं, तर कुटताना बाहेरचं काही मिसळलं हे लगेच कळावं, एवढाच तिचा उपयोग.

"गारगोटी राहू द्या," कर्णिक शेवटी म्हणाले. "तुम्ही धुणार म्हटल्यावर तिची गरज नाही. चौथा तुमचा."

धुण्यात आणि पुसण्यात गोपाळरावांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे खरंच होतं. त्यांनी श्रीधरचा दगड मधोमध फोडला. अर्धा खिशात परत ठेवला, अर्धा कुटायला घेतला. पोलादी खल वाळूने घासला, आम्लाने धुतला, ऊर्ध्वपातित पाण्याने चार वेळा विसळला, नव्या मलमलीने टिपला. प्रत्येक दगडानंतर हे सगळं पुन्हा. कर्णिक दारात उभे राहून बघत होते आणि त्यांना मनातून बरं वाटत होतं.

इथे जिनसीवाल्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. जिनसी म्हणजे तोफखाना. गोपाळरावांचे पणजोबा शिंद्यांच्या तोफखान्यावर होते. तोफा गेल्या, आडनाव राहिलं, आणि आडनावाबरोबर खंडेनवमीची पूजा राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इतर मराठी घरांत हत्यारांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल पुरे होई. जिनसीवाल्यांकडे तेलात कालवलेला शेंदूर लागे, कारण तोफेला तोच लावत. आणि एकदा लावलेला शेंदूर पुसायचा नाही. झिजून जाईल तेव्हा जाईल. गोपाळरावांच्या हाती तोफ नव्हती, खल होता. ते दर खंडेनवमीला खलाच्या काठावर तीन बोटं ओढत आणि बत्त्याच्या मानेभोवती एक कडं काढत.

चार दगड कुटले ते खंडेनवमीनंतर आठव्या दिवशी. कुटून कुटून घाम आला, तळहात लाल झाला. गोपाळरावांनी तो हात भक्तिभावाने कपाळाला लावला आणि पुढचा दगड घेतला.

बाटल्या गेल्या. दहा महिने गेले. छप्पन सालचा सप्टेंबर उजाडला, आणि उज्जैनात जो तो एकच बोलत होता. एक नोव्हेंबरपासून मध्य भारत संपणार, भोपाळ राजधानी होऊन नवा मध्य प्रदेश होणार. कुठली कचेरी राहणार, कुठली उठणार, कुणाला माहीत नव्हतं. कर्णिक साहेब रोज टपालाची वाट बघत. हाती काही ठोस असलं तर भोपाळला जाऊन कचेरीसाठी भांडता येईल, असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी ते पत्र फडकावत दगडांच्या खोलीत धावतच आले.

"जुळले! गोपाळराव, जुळले! तीन ठिकाणं, एकमेकांपासून इतकी लांब, आणि आकडे जवळजवळ एक! म्हणजे खाली मूळ एकच आहे. सगळ्या पट्ट्याखाली एकच!"

"साहेब," गोपाळरावांनी विचारलं. "आणि चौथा?"

"चौथाही! तुमचा दगड याच पट्ट्यातला. शिसं वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं असंही लिहिलंय. चांगलंच झालं, मोजायला सोपं."

त्या संध्याकाळी कुसुमने तांब्या पुढे केला आणि तोंडाकडे बघितलं. गोपाळरावांनी मान हलवली नाही. ते ओट्यावरच बसले.

"कुसुम, शंभर-दीडशे मैलांत आहे."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. आतून गोपाळरावांच्या पत्नी अहल्याबाई, ज्यांना कुसुम अक्का म्हणे, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कोण आहे शंभर मैलांत?"

"श्रीधर. झाबुआ, नाहीतर नर्मदेपलीकडे, नाहीतर मंदसौरकडे. दगडाचे आकडे आले."

"इतकं जवळ?" कुसुम म्हणाली. "मी आपली कुठे कुठे समजत होते. आसाम म्हणू नका, ब्रह्मदेश म्हणू नका."

"जवळ असून आला नाही तो!" अहल्याबाई बोलून गेल्या, आणि मग कुसुमचा चेहरा बघून घाईने म्हणाल्या, "अगं, पण ओळखशील का आता त्याला? टक्कल पडलं असेल."

"पडू दे," कुसुम म्हणाली. "मलाही चष्मा लागलाय. ते मला ओळखतील का बघा." आणि ती हसली. पंचवीस वर्षांत घरात असं हसणं कुणी ऐकलं नव्हतं.

गोपाळरावांनी खिशातला अर्धा दगड काढून तिच्या हातात दिला. आजवर तो त्यांनी कधी तिला दिला नव्हता. तिने मागितलाही नव्हता. तिने तो देवघरात नेला आणि वर शेंदूर लावून गणपतीशेजारी ठेवला. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी देवास गेटवरून मोटारीने निघायचं ठरलं. आधी झाबुआ. गावोगाव विचारत जायचं. कुसुमने पेटीतून श्रीधरचा लोकरी कोट काढला आणि रोज सकाळी उन्हात टाकायला लागली. संध्याकाळी झटकून घडी करायची, सकाळी पुन्हा टाकायचा.

"झिजेल तो झटकून झटकून," अहल्याबाई म्हणत.

"झिजू दे. आले की नवा शिवतील."

खंडेनवमी शनिवारी आली. गोपाळराव सकाळीच पटनी बाजारात पूजेच्या सामानाच्या नेहमीच्या दुकानी गेले. मन हलकं होतं, म्हणून थट्टा सुचली. शेंदराची पुडी हातात तोलून म्हणाले, "क्यों सेठ, इतनी-सी पुड़िया और इतना वजन? कंकर तो नहीं मिला दिए?"

"राम राम कहो, रावसाहब! बीस साल से ले रहे हो, आज शक करते हो? असली माल है। सीसा है, सीसा। भट्टी में सीसा फूँकते हैं, तब जाके लाल होता है। हल्का चाहिए तो ईंट का चूरा बाँध दूँ?"

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदारही हसला. गोपाळरावांनी पुडी खाली ठेवली.

"क्या बोला? सीसा?"

"और क्या? बच्चा-बच्चा जानता है।"

गोपाळराव घरी गेले नाहीत. फ्रीगंजकडे चालत सुटले. कचेरीत चपराशाखेरीज कुणी नव्हतं. दगडांच्या खोलीचं कुलूप काढून त्यांनी बत्ता खिडकीत आणला आणि भिंग लावलं. मानेभोवतीच्या खाचेत गेल्या वर्षीचा शेंदूर अजून होता, तेलाने घट्ट धरलेला. फक्त जिथे कुटताना मूठ बसते, तिथे चार बोटांच्या जागी पोलाद उघडं पडलं होतं. खलाच्या काठावर तीन रेघांतली एक आतल्या बाजूने तुटली होती.

तिथला शेंदूर कुठे गेला हे सांगायला आता विलायतेची गरज नव्हती.

ते स्टुलावर बसले. दगडात शिसं मणात गुंजभर. चिमूटभर शेंदराने ते किती पटींनी बुडून गेलं असेल? चार बाटल्यांत चार दगड नव्हतेच. चारही बाटल्यांत पटनी बाजारची एकच पुडी होती. ती स्वतःशी जुळणार नाही तर काय होईल?

पण कदाचित, त्यांना वाटलं, कदाचित दगडही जुळत असतील. तसं नाही असं तरी कुणी सिद्ध केलंय? एक ओला फडका फिरवला तर हा शेंदूर पाच मिनिटांत जाईल. कर्णिक साहेबांचा लेख पुरा होत आला आहे. तो भोपाळला गेला तर कचेरी वाचेल. आणि घरी या घटकेला श्रीधरचा कोट दोरीवर वाळत असेल. झाबुआला गेलो, नाही सापडला, तर परत येऊ. निदान चार दिवस कुसुम मोटारीच्या खिडकीतून प्रत्येक गावाकडे आशेने बघेल. ते तिला मिळालं तर कुणाचं काय जाणार होतं?

फडका त्यांनी हातात घेतलाही. मग खुंटीला परत टांगला. बत्ता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तो काखेत मारून कर्णिकांच्या बिऱ्हाडी गेले.

कर्णिक टंकलेखनाच्या यंत्रापुढे बसले होते. गोपाळरावांनी कागद सोडून बत्ता टेबलावर ठेवला.

"साहेब, हा शेंदूर आहे. शेंदूर शिशाचा करतात. मला आज कळलं."

कर्णिकांनी बत्त्याकडे बघितलं, मग गोपाळरावांकडे. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"चार वेळा धुतलंत!" ते उठून उभे राहिले. "आम्ल, ऊर्ध्वपातित पाणी, नवी मलमल... खलाचा तळ आरशासारखा केलात, आणि हा इथे ठेवलात? दिसला नाही तुम्हाला?"

"दिसत होता, साहेब. पण तो देवाचा होता. त्याला मळ म्हणायचं सुचलंच नाही."

कर्णिक खोलीत दोन फेऱ्या घालून खुर्चीत बसले. यंत्रातला कागद त्यांनी हळूच वर ओढून काढला, वाचला आणि पालथा घातला.

"मला दिसला होता," ते म्हणाले. "दारात उभा होतो मी. तुम्ही हात कपाळाला लावलात. मला वाटलं, कुंकू आहे. मीच तो विलायतेहून शिकून आलेला." मग थोड्या वेळाने, "गारगोटी पाठवली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"माझ्या दगडापायी राहिली ती."

"मी म्हटलं म्हणून राहिली. ते तुमच्याकडे नका घेऊ." त्यांनी बत्ता सरकवला. "तीन नमुने आहेत अजून. नवा खल मागवतो. या वेळी पाच बाटल्यांसाठी हात जोडतो, गारगोटीसकट. तुमचा अर्धा शिल्लक आहे ना?"

"आहे."

"तो वरून सगळा घासून, कवच काढून, फक्त गाभा घ्यावा लागेल. म्हणजे हातात काही उरणार नाही. आणि, गोपाळराव, तो कशाशीच जुळला नाही, असंही होईल. घरी विचारा आणि सांगा."

देवास गेटपर्यंतचा रस्ता त्या दिवशी फार लवकर संपला. दारातच बेसन भाजल्याचा वास आला. कुसुम प्रवासासाठी लाडू वळत होती. परातीत वीसेक झाले होते. अहल्याबाई शेजारी वेलदोडे सोलत होत्या.

"शेंदूर आणलात का?" त्यांनी विचारलं. "पूजा खोळंबली आहे."

गोपाळराव पाटावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बत्ता, कडं, पुडी, दुकानदार. कुसुमचे हात चालू राहिले. एक लाडू वळून झाला, दुसरा घेतला, तो मात्र मुठीत फुटला.

"म्हणजे तिथे नाहीत ते?" ती म्हणाली.

"तसंही नाही. असेल, नसेल. काहीच कळलेलं नाही. वीस वर्षं होतो तिथेच आहोत."

"कशाला सांगितलंत तुम्ही तिला?" अहल्याबाई कळवळून म्हणाल्या. "जाऊन आलो असतो. मन तरी रमलं असतं पोरीचं."

गोपाळरावांनी बाहेर बघितलं. अंगणात दोरीवर कोट लोंबत होता. कुसुम उठली, हात धुतले, बाहेर जाऊन कोट काढून आणला आणि घडी घातली. पेटीचं झाकण वाजलं. मग ती देवघरात गेली आणि अर्धा दगड घेऊन मोरीशी बसली. राख घेतली, काथ्या घेतला आणि घासायला लागली. लाल पाणी वाहायला लागलं.

"अगं, अगं, काय करतेस?" अहल्याबाई धावल्या. "आज खंडेनवमी! वाहिलेला शेंदूर पुसतात का कुणी?"

"देव नाही तो, अक्का," कुसुम मान वर न करता म्हणाली. "पत्ता आहे. नीट वाचता यायला हवा."

तिने तो तीन पाण्यांनी धुतला, पदराने न टिपता तसाच ओला गोपाळरावांच्या पुढे धरला.

"सगळा घेऊन जा, भाऊजी. ठेवून काय करायचंय?"

एकतीस ऑक्टोबरला, मध्य भारताच्या शेवटच्या दिवशी, पाच बाटल्या फ्रीगंजच्या पोस्टातून रवाना झाल्या. नव्या खलाला गोपाळरावांनी लांबूनच नमस्कार केला होता. डिसेंबरात कपाटं, खण, दगड आणि कर्णिक साहेब सगळेच भोपाळला गेले. लेखाशिवाय कचेरी वाचली नाही. गोपाळरावांना उज्जैनातच ठेवून पुन्हा मोजणी खात्यात घेतलं. खिडकीत उभं राहून बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि कोटाचा आतला खिसा रिकामा होता. तरी त्यांचा हात दिवसातून दोन-चारदा तिकडे जाई.

उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं. कर्णिकांनी भोपाळहून स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. गारगोटी स्वच्छ निघाली. तिन्ही ठिकाणांचे आकडे एकमेकांपासून वेगळे, मूळ एक नाही. श्रीधरचा दगड तिघांपैकी कुणाशीच जुळत नाही. खाली त्या दगडाचे तीन आकडे होते, न बदलणाऱ्या शिशाशी बाकीच्या तिघांचं प्रमाण. 'हे जपून ठेवा,' कर्णिकांनी लिहिलं होतं. 'आता एकेक खाण मोजली जाईल. जे जे आकडे माझ्या हाती येतील, ते तुम्हाला कळवीन.'

त्यांनी शब्द पाळला. वर्षातून एखादं, कधी दोन कार्डं येत. गोपाळराव निवृत्त झाले, मोतीबिंदू झाला, तरी कार्ड तेच वाचून दाखवत. कागद बघायची कुसुमला गरज नव्हती. तिसरी इयत्ता शिकलेल्या त्या बाईला दगडाचे आकडे दशांशासकट पाठ होते. सोळा दशांश चार, पंधरा दशांश तीन, छत्तीस दशांश एक. कधी तांदूळ निवडताना ते तिच्या ओठांवर येत, जसं कुणी गल्ली, घर नंबर आणि गाव म्हणावं तसे.

साठ सालच्या हिवाळ्यात एक कार्ड आलं. कुठल्याशा लांबच्या डोंगरातल्या तांब्याचं. कुसुम सूप घेऊन ओट्यावर बसली होती.

"सोळा दशांश चार," गोपाळरावांनी वाचलं.

सूप थांबलं. अहल्याबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. गोपाळरावांनी चष्मा सरळ केला आणि कार्ड उजेडाकडे धरलं.

"पंधरा दशांश सहा."

तीन हवे होते. तिसरा आकडा त्यांनी वाचला नाही. थोड्या वेळाने कुसुमने सूप पुन्हा हलवलं, एक खडा वेचून अंगणात टाकला.

"पण जवळ आलं हो, भाऊजी," ती म्हणाली. "पूर्वीपेक्षा किती जवळ आलं."

आकड्यांतल्या जवळ असण्याचा मैलांशी काही संबंध नसतो, हे गोपाळरावांना कर्णिकांनी कधीच समजावलं होतं.

"हो," ते म्हणाले, आणि कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.